तीन किलो सर्जेराव

शेटे किराणा, तेरणीवाडी. दारावरची पाटी:
मीठ आहे. गूळ आहे. काडेपेटी नाही. दंतमंजन नाही. धुण्याची पावडर घरटी एक वाटी. खत विचारू नये.

वैजयंता चौगुलेनं तरी विचारलंच.

"आण्णा, एक किलो? अर्धा तरी?"

शेटेआण्णांनी बसल्या जागेवरून पाटीकडे हनुवटी उडवली. "वाचता येतंय न्हवं, वैजूताई? माझ्याच तुळशीला न्हाई. पानं जांभळी पडल्यात. बायको म्हणतीया, बरं झालं, कृष्णतुळस झाली."

दुकानातली दोघं-तिघं हसली. वैजयंता हसली नाही.

"माझी तीन हजार रोपं जांभळी पडल्यात," ती म्हणाली. "ती कुठल्या कृष्णाची म्हणायची?"

आण्णांनी गल्ल्याखालून एक काडेपेटी काढली, अर्धी रिकामी, आणि कुणी बघत नाही असं बघून तिच्या पिशवीत टाकली. "सर्जेरावाला शेक द्यायला लागत असंल. जा."

ती घरी आली तेव्हा सर्जेराव रोपवाटिकेच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो सत्तरीचा दिसायचा. वीस वर्षं फौंड्रीत ओतकाम केलं, छातीत वाळू भरली. त्या छातीसाठी घेतलेल्या औषधांनी हाडं ठिसूळ केली. हाडांसाठी डॉक्टरांनी एक पांढरी पावडर लावून दिली. ती तो गेली नऊ वर्षं रोज पेलाभर पाण्यातून घेत होता. एका औषधाचं दुसरं औषध, दुसऱ्याचं तिसरं. तो म्हणायचा, "मला आता नुसतं हलवून घ्यायचं, वैजा. आत सगळं मिश्रण तयार हाय."

"मिळालं?"

"काडेपेटी मिळाली."

"म्हंजे पेटवायची सोय झाली," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खोकत बसला.

खोकला थांबल्यावर त्यानं काठीनं दाखवलं. दाराजवळ, जुन्या रंगाच्या डब्यात, वीतभर आंब्याचं कलम होतं. शाळेमागचा शेंदऱ्या आंबा रस्तारुंदीत गेला. तो पडायच्या आदल्या दिवशी सर्जेरावनं त्याची काडी आणून गावठी रोपावर बांधली होती. त्याच्या हातची ती शेवटची गाठ. जगात शेंदऱ्या आंबा आता तेवढाच.

"माझी रक्षा ह्याच्या बुडात," तो म्हणाला. "सगळी. जरा बी इकडं-तिकडं करायची न्हाई."

"भरल्या सांजेला काय बोलताय?"

"सांगून ठिवतोय. व्हय म्हण."

"व्हय."

"आणि आज मेथी कर. कोवळी बघून काढ."

हे तो रोजच म्हणायचा. मेथी असो, शेपू असो, अंबाडी असो. कोवळी बघून काढ.

•

इथे जरा थांबून, पानं जांभळी का पडत होती ते सांगायला हवं.

झाडाला तीन गोष्टी लागतात हे तेरणीवाडीतलं शेंबडं पोर सांगेल: नत्र, स्फुरद, पालाश. नत्र हवेत आहे. कारखाना लावला की ओढून घेता येतं. स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, तसं नाही. ते बनवता येत नाही आणि त्याच्या बदल्यात दुसरं काही चालत नाही. लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्रांच्या तळाशी साठलेल्या खडकातून ते खणून काढावं लागतं. तो चांगला खडक मोजक्या देशांकडे होता. जसजसा तो कमी झाला तसतशी त्यांनी दारं ओढून घेतली. पहिल्या वर्षी खत महागलं. दुसऱ्या वर्षी कळलं की काडेपेटीच्या कडेच्या पट्टीत स्फुरद आहे, दंतमंजनाच्या पांढऱ्या भुकटीत आहे, कोंबड्यांच्या खाद्यात आहे. अंडं महागलं, दूध महागलं. कुंड्या विकणाऱ्यांनी मातीची पोती कुलपात ठेवली. कोथिंबिरीच्या जुडीला लोक हात लावून, वास घेऊन, परत ठेवायला लागले.

आणि स्फुरद कमी पडलं की झाड पहिल्यांदा काय करतं, तर जांभळं पडतं. मरत नाही. वाढायचंच थांबतं. वाट बघत उभं राहतं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एक खाण आपण रोज जाळतोय.

माणसाच्या हाडांत स्फुरद असतं, कॅल्शियमच्या मिठीत बांधलेलं. चितेच्या आगीतही ती मिठी सुटत नाही. रक्षा शेतात टाकली तर ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. झाडाला उपयोग शून्य. पण मातीतले काही जिवाणू आंबट रस सोडून ही मिठी सैल करतात. शेतकरी त्यांची पाकिटं पूर्वीपासून आणत होते. प्रयोगशाळेत त्यांतले तरबेज निवडले, वाढवले, आणि पिठाच्या गिरणीएवढ्या यंत्रात बंद केले. एका बाजूनं रक्षा घालायची. पाच दिवसांनी दुसऱ्या बाजूनं पांढरे दाणे, साबुदाण्यासारखे. एका माणसाचे साधारण तीन किलो.

शहरांत ह्यावर मोर्चे निघाले, चर्चा झडल्या. तेरणीवाडीत काहीच झालं नाही. ह्या पट्ट्यात रक्षा नदीत सोडायची सवय आजोबांच्या काळातच मोडली होती. तिसऱ्या दिवशी रक्षा गोळा करायची, आपल्या शेतात खड्डा घ्यायचा, त्यात ती घालून वर झाड लावायचं, अशी इथली रीत. नारळ म्हणजे आत्या, चिंच म्हणजे थोरला चुलता. लोकांना वाटलं, हे तर आपलंच. नुसतं मधे यंत्र आलं.

चूक तिथे झाली. जुनी रक्षा झाडाच्या बुडाशी गप्प पडून राहायची. ही वर चढत होती.

•

ग्रामपंचायत रक्षायंत्र. नग क्र. ४१.
नाव: सर्जेराव दादू चौगुले. वय ५८.
दाणे: ३ किलो ४० ग्रॅम.
ओळख: शिसं थोडं. जस्त बेताचं. स्ट्रॉन्शियम फार.
दाणे घरच्यांनी नेले.

चिठ्ठी वाचून यंत्रावरचे शौकतभाई म्हणाले, "वहिनी, असा आकडा मी बघितला न्हाई कधी. हे हाडाच्या पावडरीतलं. कॅल्शियमचा जुळा भाऊच म्हणा. हाड फसतंय, आपलाच समजून घरात घेतंय. नऊ वर्षं घेतलं म्हणजे भाऊंची हाडं निम्मी त्याचीच."

प्रत्येक माणसाच्या दाण्यांना अशी ओळख असायची. कुठल्या विहिरीचं पाणी प्यालात, कुठल्या कारखान्यात राबलात, काय औषधं घेतलीत, सगळं हाडात लिहिलेलं. दाण्यांत कुणी चुना मिसळू नये म्हणून पंचायतीनं बंदुकीसारखा मीटर आणला होता. टेकवला की आकडे सांगायचा.

पिशवी कापडी होती, शिवून दिलेली. वैजयंतानं ती लेकरासारखी कडेवर घेतली. तिसऱ्या दिवसाला भावकी जमली होती, ती आता पांगली होती. लेक ऋतुजा दोन महिन्यांची गरोदर, उलट्यांनी बेजार. तिला सासरी परत धाडलं होतं. जाताना ती एवढंच म्हणाली, "आई, कलमाच्या बुडात तूच घाल. बाबांना दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको."

वैजयंता सरळ कलमापाशी गेली. खड्डा घेतला. पिशवीची शिवण उसवली.

तिथून रोपवाटिका दिसत होती. हिरव्या जाळीखाली तीन हजार पिशव्या: वांगी, मिरची, टोमॅटो, कढीपत्ता. सगळी जांभळी, सगळी थांबलेली. आठ-दहा दिवसांत ती जातील. त्यांच्यामागे बियाणं नाही, खत नाही, दुसरा धंदा नाही. आणि सातव्या महिन्यात लेक बाळंतपणाला येईल, तिच्या ताटात वाढायला काय?

वैजयंतानं एक दाणा जिभेवर ठेवला. खारट नाही, आंबट नाही. कशाचीच चव नाही.

"एक चिमूट," ती कलमाला म्हणाली. की सर्जेरावाला. "एकेका पिशवीला एक चिमूट. बाकी सगळं तुमचंच."

पण चिमूट गुणिले तीन हजार म्हणजे

(हे गणित तिनं कधीच पूर्ण केलं नाही. करायला बसली की रोपांना पाणी घालायची आठवण व्हायची.)

म्हणजे संध्याकाळी पिशवीत निम्मे उरले होते. ते घेऊन ती परसात गेली. मेथीचा एक वाफा, शेपूचा एक. बी आण्णांनी उधार दिलेलं. तिथे तिनं ओंजळी भरभरून घातल्या, माती वरखाली केली. का, असं तिला पुढे बरेचदा विचारावंसं वाटलं. त्या वेळी वाटलं ते इतकंच, की निम्मा माणूस कलमाला देऊन वचन पाळल्यासारखं करायचं, त्यापेक्षा सगळंच मोडलेलं काय वाईट.

कलमाच्या बुडात तिनं चुलीतली राख घातली. वरून पाणी ओतलं. राख ओली झाली की कुणाचीही सारखीच दिसते.

•

शेटे किराणा. पाटी:
मीठ आहे. काडेपेटी उद्या (हे 'उद्या' महिनाभर पुसलेलं नाही). वैजूताईंच्या रोपांची चौकशी इथे करू नये, रोपवाटिकेत जावे.

रोपं आठव्या दिवशी हिरवी झाली. पंधराव्या दिवशी तालुक्यातून माणसं यायला लागली. गच्चीत दोन कुंड्या ठेवणारे मास्तर आले, ढाबेवाला आला, वसतिगृहाची स्वयंपाकीण आली. भाजी विकत घेणं परवडेना, तेव्हा जो तो डब्यात, बादलीत, फुटक्या बेसिनात मिरची लावायला लागला होता. सगळीकडची रोपं जांभळी आणि चौगुलेबाईंची तरारलेली. लोक विचारत, काय घालता? ती म्हणायची, शेणखत. लोक डोळे मिचकावत. कुठून तरी काळ्या बाजारातलं आणलं असणार.

कुणी ट्रे उचलला की तिच्या तोंडून निघून जायचं, "जपून."

"जपूनच नेतोय की, मावशी. रोपंच हाईत."

"व्हय. रोपंच."

सकाळी पाणी घालताना वारा आला की जाळी फडफडायची. कोरडी, अडकत अडकत. वैजयंता झारी खाली ठेवून थांबायची. फडफड थांबली की मगच पुढच्या रांगेला जायची. वीस वर्षं त्या खोकल्यात तिनं असंच बोलणं थांबवलं होतं. सवय हाताला होती. मग एकेक रांग विकली जाऊ लागली. रांग गेली की त्या जागी ओल्या गोल खुणा उरायच्या, आणि तिला वाटायचं, आज कुठे गेलात? ढाब्यावर? मास्तरांच्या गच्चीत? तिथे तुम्हाला कोण ओळखतंय?

गावात तोवर एक नवी रीत पडली होती. कुणी ठरवली नाही, ठराव झाला नाही. रांजणेंच्या म्हातारीचे दाणे त्यांनी वांग्यांना घातले, आणि पहिलं वांगं चिरायला घेतलेली सून विळीवरून उठली. ती ते वांगं तसंच घेऊन शेजारी गेली. "तुमच्याकडचं काही द्या. हे तुम्ही घ्या. आम्हाला न्हाई जमणार." तेव्हापासून ठरलं: आपल्या माणसाच्या मातीतलं वर्षभर आपण खायचं नाही. दुसऱ्यानं खावं, आपण दुसऱ्याचं खावं. सकाळी कुंपणावरून टोपल्या इकडून तिकडे जायच्या. विचारायचे, "कुणाचं हाय?" उत्तर यायचं, "आमच्या मामंजींचं. गोड हाय." ह्यात कुणाला हसू येत नसे.

वर्ष भरलं की घरचा थोरला मुलगा किंवा थोरली लेक मीटर घेऊन झाडापाशी जायची. पानाला टेकवायची. आकडा आला की ओरडायची, "आलं!" मग भावकी जेवायची, आणि त्या दिवसापासून त्या झाडाचं फळ घरात यायला मोकळीक व्हायची.

चौगुलेंच्या परसातली मेथी अर्थात बिनधोक होती. सर्जेराव कलमात होता. सगळ्या गावाला माहीत होतं.

•

"आई, तू बी बस की माझ्यासंगं."

"तू जेव आधी. दोन जिवांची हायस तू."

"आज पण मेथी?"

"मग काय पनीर करू? पनीर कुठं ठेवलंय तेवढं सांग."

"तसं न्हाई गं. चव लई भारी हाय, म्हणून म्हटलं. सासरी मेथी म्हणजे नुसता कडवटपणा. ही… काय घालतीस तू हिला?"

"लसूण."

"बाबा असते तर म्हणाले असते, कोवळी बघून काढलीस, शाब्बास."

"जेव बाई."

सातव्या महिन्यात आलेली ऋतुजा बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत राहिली. आधी मेथी, बाळंत झाल्यावर शेपू. दूध उतरायला शेपूसारखं काही नाही, असं सगळ्याच बाया म्हणतात. बाजारात भाजीच नव्हती. कुंपणावरून येणाऱ्या टोपल्या आधी रोज, मग आठवड्यातून एकदा आल्या. वाफा मात्र खुडला की फुटायचा. वैजयंता लेकीला वाढायची, उरलं तर भाकरीच्या कडेनं भांडं पुसून खायची. पहिल्या दिवशी तिनं भांडं तसंच विसळून टाकलं. दुसऱ्या दिवशी भूक होती.

मुलगा झाला. रंग बापाचा, कपाळ ऋतुजाचं. बारशाला बायकांनी विचारलं, आजोबांसारखं काही दिसतंय का?

"न्हाई," वैजयंता घाईनं म्हणाली. "काहीच न्हाई."

•

वर्ष भरायच्या आदल्या दिवशी ऋतुजा बाळाला घेऊन माहेरी आली, आणि पाठोपाठ शौकतभाई मीटर घेऊन आले. सगळ्या घरांना ते स्वतः शिकवून जायचे.

"हे बघ ऋतुजा. पान मोकळं धरायचं, देठाला. घोडा दाबायचा, दहा मोजायचे. मागं बोट धरायचं न्हाई."

"का? भाजतंय?"

"भाजत न्हाई. किरण पानातनं आरपार जातोय आणि बोटाचं हाड वाचतोय. हे बघ." त्यांनी पान मधे धरून स्वतःच्या बोटावर मीटर टेकवला. पडद्यावर साठ आलं. "कुणाच्या बी बोटाला साठ-सत्तर येतंच, पाण्यातलं असतंय थोडं. तेवढ्यावर लोक 'आलं' म्हणून ओरडतात. भाऊंचा आकडा असा न्हाई यायचा, शेकड्यात येणार. तरी काळजी घ्यायची."

वैजयंता चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. चहावर साय धरली.

"वहिनी, कलमाला पालवी चांगली फुटलीया," शौकतभाई म्हणाले.

कलम खरंच जगलं होतं. जेमतेम दोन वीत झालं होतं. जांभळट, किरटं, पण उभं.

रात्रभर तिनं वाक्य जुळवलं. ऋतू, ऐक. ऋतू, मी एक. ऋतू, तुझ्या बाबांना मी. सकाळी भावकी यायला लागली, पातेली चढली, बाळ रडायला लागलं, आणि वाक्य कुठल्याशा ताटाखाली गेलं.

•

अंगणात वीस-पंचवीस माणसं. थोरले दीर बाबूरावभाऊजी पुढे, हातात गुलालाची पुडी. बाळ वैजयंताच्या खांद्यावर.

ऋतुजा कलमापाशी गुडघ्यावर बसली. तिनं तांबूस कोवळं पान निवडलं. वारा होता, पान थरथरत होतं. तिनं ते धरलं, मीटर टेकवला, घोडा दाबला. एक, दोन, तीन. वैजयंता बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. सात. आठ. आता पडद्यावर काहीच येणार नाही. लेक मान वर करून बघेल. भावकी बघेल. बाबूरावभाऊजी विचारतील, आमचा भाऊ कुठं हाय? आणि तिला उत्तर द्यावं लागेल की ढाब्यावर, गच्चीत, वसतिगृहात, आणि

"सहाशे बारा!"

ऋतुजाचा आवाज फुटला. "आलं! बाबा आलं!"

गुलाल उडाला. बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. कुणी म्हणालं, सर्जा शब्दाचा पक्का. बाबूरावभाऊजी कलमापुढे वाकले आणि त्यांना उठता येईना, दोघांनी धरून उठवलं.

वैजयंता जागची हलली नाही. तिला एकटीलाच दिसलं होतं. वाऱ्यानं हलू नये म्हणून लेकीनं पान दोन बोटांत धरलं होतं. अंगठा वर. तर्जनी पानाच्या मागे.

•

जेवणं झाली. माणसं गेली. उन्हं कलली. अंगणात गुलाल आणि पत्रावळी.

"फोटो काढून ह्यांना पाठवते," ऋतुजा म्हणाली. तिच्या एका हातात फोन होता, म्हणून ह्या वेळी तिनं पान धरलं नाही. वारा पडला होता. मीटर नुसता टेकवला. दहा मोजले.

काही नाही.

तिनं दुसरं पान घेतलं. तिसरं. खोडाला लावला. बुडातल्या मातीला लावला. मग फोन खाली ठेवला, मघाचं पान मघासारखं धरलं. सहाशे नऊ. मग पान सोडून दिलं आणि मीटर नुसत्या बोटाला लावला.

सहाशे चाळीस.

ती बराच वेळ बोटाकडे बघत राहिली, जणू त्याला काटा लागलाय आणि तो दिसत नाही.

"आई."

वैजयंता पत्रावळ्या गोळा करत होती. ती थांबली.

"आई, परसातली मेथी."

"व्हय."

"शेपू?"

"व्हय."

"किती दिवस?"

"तू हुतीस तेवढे सगळे."

बाळ पाळण्यात कुरकुरलं आणि परत झोपलं. ऋतुजा उठून आईजवळ आली, तिचा हात ओढून घेतला, बोटाला मीटर लावला. वैजयंतानं हात मागे घेतला नाही. दहा मोजले गेले.

एकशे ऐंशी.

"तुझा एवढाच कसा?"

"मी मागनं जेवायची. उरलं तर."

ऋतुजानं तो हात सोडला नाही. हात पुसावा तशी ती त्या बोटावरून आपला अंगठा फिरवत राहिली. तिचे डोळे कोरडे होते. "सगळा मलाच वाढलास," ती म्हणाली. "मला सांगायचंस. मी ठरवलं असतं, खायचं का न्हाई ते."

"तू खाल्लं नसतंस."

"नसतंच खाल्लं."

"मग?"

पाळण्याची दोरी वाऱ्यानं जरा हलली. दोघींनी एकदमच तिकडे बघितलं. पाच महिन्यांचं बाळ, मुठी वळलेल्या. त्याच्या पोटात अजून आईच्या दुधाशिवाय काही गेलं नव्हतं. आणि दूध येतं कशातून, हाडं घडतात कशातून, हे शौकतभाईंनी न सांगताही कुठल्याही बाईला कळतं.

मीटर ऋतुजाच्या हातात होता, चालू. त्याचा हिरवा दिवा पाळण्याच्या दांडीवर पडला होता. तिनं तो तसाच धरला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग मागचं झाकण काढलं, बॅटरीचा सेल काढून वेगळा ठेवला.

"ह्याला कधी लावायचा न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"कुणीच."

"कुणीच न्हाई."

"आणि कलमाचं कुणाला सांगायचं न्हाई. बाबूराव काका वाकले होते तिथं."

"बरं."

वैजयंता पत्रावळ्या घेऊन उकिरड्याकडे निघाली. पाठीमागून लेकीनं विचारलं, "वाफ्यात अजून हाय का?"

"मेथी हाय. एका वेळची." ती मागे वळली नाही. "उपटून टाकते."

"नको."

वैजयंता पत्रावळ्या हातात धरून थांबली.

"आज तीच कर," ऋतुजा म्हणाली. "दोघीच हाय. बरोबरीनं बसू. वाफ्यातली माती उद्या मी कलमाला घालते."

वैजयंता विळा घेऊन परसात गेली. वाफ्याच्या एका कडेला जुनी, निबर मेथी होती, दुसऱ्या कडेला नुकती फुटलेली. ती निबर बाजूला बसली. कोवळी राहू दे, असं काहीतरी मनात होतं. तिनं पहिली मूठ धरली, विळा लावला.

"आई," घरातून हाक आली, "कोवळी बघून काढ."

विळा थांबला. जाळीत वारा नव्हता. वैजयंता उठली, वाफ्याला वळसा घालून पलीकडे जाऊन बसली, आणि खुडायला लागली.